संगीत सीक्वेन्सर सॉफ्टवेअर आणि गृह-ध्वनिमुद्रण

संगीत सीक्वेन्सर सॉफ्टवेअर म्हणजे सुरांच्या व तालाघातांच्या नोंदी आणि ध्वनिमुद्रित आवाज यांची कालक्रमाने मांडणी करणारे, त्यांचे संपादन करणारे व ते पुन्हा वाजवून दाखवणारे संगणकीय सॉफ्टवेअर होय. सुरुवातीला ही सॉफ्टवेअरे केवळ वाद्यांना पाठवायच्या सूचनांची नोंद ठेवत असत. १९९० नंतर त्यांत प्रत्यक्ष आवाज मुद्रित करण्याची सोयही आली. अशा एकत्रित सॉफ्टवेअरला *डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन* म्हणतात. आज बोलीभाषेतील लोकगीते, भक्तिगीते व लग्नगीते घरच्या खोलीत तयार करणारे गायक-वादक याच प्रकारचे सॉफ्टवेअर वापरतात.

गृह-ध्वनिमुद्रणासाठी सॉफ्टवेअर निवडताना किंमत, संगणकाची क्षमता आणि वापरातील सुलभता यांचा विचार होतो. मात्र मौखिक परंपरेतील गाणी मुद्रित करायची असल्यास आणखी दोन निकष महत्त्वाचे ठरतात. सॉफ्टवेअर गाण्याच्या मूळ लयीला सामावून घेते की गाण्यालाच आपल्या चौकटीत बसवते, हा पहिला निकष होय. केलेले काम अनेक वर्षांनी पुन्हा उघडता येईल की नाही, हा दुसरा. या लेखात या निकषांची चर्चा खानदेशाच्या, विशेषतः धुळे जिल्ह्यातील नरडाणा परिसराच्या संदर्भात केली आहे.

## संज्ञा आणि कार्यपद्धती

सीक्वेन्सरमध्ये दोन वेगळ्या प्रकारची सामग्री हाताळली जाते.

* मिडी: ही ध्वनीची नव्हे, तर वादनक्रियेची नोंद असते. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच तीत असते. मिडी १.० मानकात १६ वाहिन्या असून स्वर व आघाताचा जोर ० ते १२७ या अंकांत मांडले जातात. स्वर सुरू करण्याची एक सूचना अवघ्या ३ बाइटची असते. मिडीत नोंदलेली चाल बासरीच्या आवाजात ऐकता येते आणि नंतर तीच संवादिनीच्या आवाजात बदलताही येते.
* ऑडिओ: मायक्रोफोनमधून आलेला प्रत्यक्ष आवाज. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात एका ट्रॅकच्या एका मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा लागते. त्यामुळे पाच मिनिटांच्या, बारा ट्रॅकच्या गाण्याला सुमारे ५२० मेगाबाइट जागा पुरते. नको असलेली व पुन्हा घेतलेली गायने धरल्यास हा आकडा कित्येक पटींनी वाढतो.

सीक्वेन्सरच्या पडद्यावर काळ डावीकडून उजवीकडे सरकतो आणि एकाखाली एक ट्रॅक मांडलेले असतात. गायन, ढोलकी, संबळ, कीबोर्ड यांना स्वतंत्र ट्रॅक दिला जातो. प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणे, त्यावर प्रतिध्वनीसारखे परिणाम चढवणे आणि शेवटी सर्व ट्रॅक एकत्र करून दोन वाहिन्यांची अंतिम फाइल बनवणे, या क्रियेला मिश्रण किंवा प्रचलित शब्दांत मिक्सिंग म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून जोडल्या जाणाऱ्या वाद्यांना व परिणामांना प्लगइन असे नाव आहे.

## इतिहास

### यंत्रापासून संगणकापर्यंत

१९७७ साली रोलँड कंपनीने एमसी-८ हा सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा सीक्वेन्सर बाजारात आणला. तो स्वतंत्र यंत्राच्या रूपात होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर मिडीच्या साहाय्याने एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. या मानकाच्या निर्मितीबद्दल डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

१९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला मिडीच्या जोडण्या मुळातच होत्या. त्यामुळे संगीतकारांमध्ये तो लोकप्रिय झाला. १९८७ मध्ये डॉससाठी केकवॉक, तर १९८९ मध्ये अटारीसाठी क्यूबेस प्रसिद्ध झाले. १९९० मध्ये ओपकोड कंपनीच्या स्टुडिओ व्हिजनने मिडी व ऑडिओ एकाच पडद्यावर आणले. १९९१ मध्ये प्रो टूल्स आले. १९९६ मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी हे प्लगइनचे मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे महागड्या यंत्रांची कामे सामान्य संगणकाचा प्रक्रियक करू लागला आणि घरातील ध्वनिमुद्रणाचा मार्ग खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

१९९७ मध्ये बेल्जियममधील इमेज-लाइन कंपनीचे फ्रूटीलूप्स आले. त्याचेच नाव २००३ मध्ये एफएल स्टुडिओ झाले. २००१ मध्ये एबल्टन लाइव्ह, २००४ मध्ये ॲपलचे गराजबँड, तर २००५ मध्ये रीपर व मुक्त स्रोतातील आर्डर प्रसिद्ध झाले.

### भारतातील पार्श्वभूमी

भारतात १९८०च्या दशकात स्वस्त कॅसेटमुळे प्रादेशिक व लोकसंगीताला मोठी बाजारपेठ मिळाली. संगीतअभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात या बदलाचा सविस्तर अभ्यास केला आहे. कॅसेटमुळे गाण्याची प्रत काढणे व विकणे स्वस्त झाले, परंतु मूळ ध्वनिमुद्रण बहुधा शहरातील स्टुडिओतच होत असे. स्टुडिओचे भाडे तासावर असल्याने गायकाला गाणे थोडक्यात उरकावे लागे.

संगणकीय सीक्वेन्सरने ही स्थिती बदलली. ए. आर. रहमान यांनी चेन्नईत घराच्या आवारात उभारलेला पंचतन रेकॉर्ड इन हा स्टुडिओ आणि 'रोजा' (१९९२) या चित्रपटाचे संगीत यांमुळे घरगुती स्टुडिओतील कामही देशपातळीवर पोहोचू शकते, हे दिसून आले. पुढील दोन दशकांत संगणक, ध्वनिमुद्रणाची उपकरणे आणि इंटरनेट स्वस्त होत गेल्याने ही पद्धत जिल्हा व तालुका पातळीवर पसरली.

## खानदेशातील संदर्भ

धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांचा समावेश असलेल्या खानदेशात अहिराणी ही प्रमुख बोली आहे. २०११च्या जनगणनेत खानदेशी या भाषागटाची नोंद मराठीहून स्वतंत्र असून तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८.६ लाख आहे. त्यांत अहिराणी भाषकांचा वाटा सर्वाधिक आहे. कानबाईच्या उत्सवातील गाणी, अखाजीला माहेरी आलेल्या मुलींची झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, हळदीची व लग्नाची गाणी ही येथील मौखिक परंपरेची काही अंगे होत. सातपुड्याच्या व पश्चिमेकडील आदिवासी भागांत पावरीसारख्या वाद्यांची परंपरा आहे.

मौखिक रचना वेळेवर नोंदल्या न गेल्यास काय गमवावे लागते, याचे उदाहरण जळगाव परिसरातच सापडते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. घरातील माणसांनी त्यांच्या ओव्या वेळोवेळी टिपून ठेवल्या म्हणून त्या १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ शकल्या. लेखनाने शब्द टिकतात. उच्चार, श्वासाच्या जागा, लयीतील ओढ आणि समूहाचा प्रतिसाद टिकवण्यासाठी मात्र ध्वनिमुद्रणच लागते.

यूट्यूबच्या प्रसारानंतर अहिराणी गीतांना नवा श्रोतृवर्ग मिळाला. २०२०च्या दशकात 'हाई झुमका वाली पोर' हे गीत खानदेशाबाहेरही मोठ्या प्रमाणात ऐकले गेले. खानदेशी गाण्यांत कीबोर्ड, ऑक्टोपॅड व संगणकावर रचलेला ठेका यांचा वापर ठळक असतो. एकीकडे ठेक्यावर उभे राहिलेले नवे गीत आणि दुसरीकडे ज्येष्ठ स्त्रियांच्या कंठातील जुनी गाणी, असे दोन भिन्न प्रकारचे काम एकाच घरगुती स्टुडिओसमोर येऊ शकते. दोन्हींसाठी सॉफ्टवेअरकडून असलेल्या अपेक्षाही भिन्न असतात.

## निवडीचे निकष

### कामाचे स्वरूप

ज्या गाण्यात बहुतेक वाद्ये संगणकातच वाजवली जातात, त्यासाठी ठेका व सुरावट झटपट रचता येणारे सॉफ्टवेअर सोयीचे असते. एफएल स्टुडिओ व एबल्टन लाइव्ह यांची मांडणी याच कामाला अनुकूल आहे. याउलट गायक, ढोलकी, टाळ व संबळ प्रत्यक्ष मुद्रित करायचे असल्यास एकाच वेळी अनेक ट्रॅक मुद्रित करणे, एकाच ओळीची अनेक गायने साठवणे आणि त्यांतील चांगले तुकडे जोडणे या सोयी महत्त्वाच्या ठरतात. क्यूबेस, रीपर, आर्डर, लॉजिक व प्रो टूल्स या बाजूने सशक्त मानली जातात.

नाव ऐकून निवड केल्यास गफलत होऊ शकते. एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर सुरावट रचण्यासाठी उपयुक्त असले तरी त्याच्या १.२ मालिकेतील स्थिर आवृत्त्यांत मायक्रोफोनवरून आवाज मुद्रित करण्याची सोय नाही. ऑडॅसिटीमध्ये नेमके उलट आहे. त्यात आवाज मुद्रित व संपादित करता येतो, पण मिडी कीबोर्डवरील वादन मुद्रित करता येत नाही. एफएल स्टुडिओच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीत ऑडिओ ट्रॅक हाताळण्यावर मर्यादा आहेत. गायकाने ही आवृत्ती घेतल्यास त्याची मुख्य गरजच अपुरी राहते.

### संगणक आणि कार्यप्रणाली

लॉजिक प्रो व गराजबँड केवळ ॲपलच्या उपकरणांवर चालतात. केकवॉकची सॉफ्टवेअरे दीर्घकाळ विंडोजपुरती राहिली. रीपर व वेव्हफॉर्म ही विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर उपलब्ध आहेत. जुन्या संगणकावर रीपरसारखे आकाराने लहान सॉफ्टवेअर सहज चालते. मोठे नमुनासंच वापरणारी आभासी वाद्ये मात्र ८ गिगाबाइट स्मृतीही लवकर भरून टाकतात. सॉफ्टवेअर हलके असूनही गाणे अडखळत असल्यास कारण बहुधा प्लगइनमध्ये असते. अशा वेळी तयार झालेला ट्रॅक ऑडिओत रूपांतरित करून ते प्लगइन बंद ठेवता येते. या क्रियेला ट्रॅक फ्रीझ करणे म्हणतात.

### विलंब

गायकाचा आवाज संगणकातून फिरून त्याच्याच हेडफोनमध्ये येईपर्यंत लागणाऱ्या वेळेला लेटन्सी किंवा विलंब म्हणतात. संगणक आवाजाचे नमुने गटागटाने हाताळतो. ४८ किलोहर्ट्झ वेगात २५६ नमुन्यांचा गट ५.३ मिलिसेकंदांचा, तर १,०२४ नमुन्यांचा गट २१.३ मिलिसेकंदांचा असतो. येण्या-जाण्याचा व उपकरणाचा वेळ मिळवल्यावर प्रत्यक्ष विलंब याहून जास्त भरतो. तुलनेसाठी, हवेतून ध्वनीला ५.३ मिलिसेकंदांत सुमारे १.८ मीटर अंतर कापता येते. तेवढा विलंब सहज सोसतो. दुहेरी आकडा वाढत गेला की गायक व ढोलकीवादक मागे पडू लागतात.

विंडोजवर यासाठी ध्वनी उपकरणाच्या निर्मात्याने दिलेला एएसआयओ चालक वापरणे हितावह असते. मॅकवर कोअर ऑडिओ, तर लिनक्सवर जॅक किंवा पाइपवायर हे काम करतात. अनेक ध्वनी उपकरणांत मायक्रोफोनचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देण्याची सोय असते. ती वापरल्यास विलंबाचा प्रश्न गायनापुरता सुटतो. मुद्रणाच्या वेळी गट लहान आणि मिश्रणाच्या वेळी मोठा ठेवण्याची पद्धत रूढ आहे.

### लय आणि ताल

बहुतेक सीक्वेन्सर नव्या प्रकल्पाची सुरुवात १२० ठोके प्रतिमिनिट व चार मात्रांच्या चौकटीने करतात. आठ मात्रांचा केरवा या चौकटीत सहज बसतो. सहा मात्रांचा दादरा, सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल यांसाठी चौकट बदलावी लागते. ही सोय सर्व प्रमुख सॉफ्टवेअरांत असली तरी ठेका रचण्याच्या सोळा घरांच्या तयार पट्ट्या चारच्या पटीतील तालांनाच धार्जिण्या असतात.

अधिक गंभीर प्रश्न लयीचा आहे. समूहाने गायलेले पारंपरिक गाणे मेट्रोनोमच्या ठोक्यावर चालत नाही. कडव्याच्या शेवटी ते थबकते आणि धृपदाला वेग घेते. असे गाणे ठोक्यावर गाण्याचा आग्रह धरल्यास गाणाऱ्या स्त्रिया गाण्याऐवजी ठोक्याकडे लक्ष देऊ लागतात. नंतर क्वांटाइझ या क्रियेने प्रत्येक आघात ठरावीक घरात ओढल्यास उरलासुरला डौलही जातो. याला पर्याय म्हणजे गाणे आधी मोकळेपणाने मुद्रित करून मग त्याच्या प्रत्यक्ष मात्रांवर खुणा करणे आणि सॉफ्टवेअरची चौकट त्या खुणांना जुळवून घेणे. या मांडणीला टेम्पो मॅप म्हणतात. क्यूबेस, लॉजिक, रीपर व आर्डर यांत ती करता येते. पुढे वाद्यांची साथ जोडायची असल्यास ती गायकाच्या लयीमागून चालते. लोकगीतांचे मुद्रण हा हेतू असल्यास ही सोय किती सहज वापरता येते, हे खरेदीपूर्वी तपासणे उपयुक्त ठरते.

### स्वर आणि श्रुती

मिडीतील १२८ स्वर मुळात बारा समान अर्धस्वरांच्या सप्तकावर आधारलेले आहेत. मींड, आंदोलन व श्रुतीभेद दाखवण्यासाठी पिच बेंड ही सूचना वापरली जाते. तिच्यात १६,३८४ पायऱ्या असल्याने बारीक फरक नोंदता येतो. मात्र पारंपरिक मिडीत पिच बेंड संपूर्ण वाहिनीला एकदम लागू होते. म्हणून एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांना वेगळी मींड देण्यासाठी स्वतंत्र वाहिन्या किंवा २०१८ मध्ये स्वीकृत झालेले एमपीई हे विस्तारित मानक लागते. गायनातील स्वर आपोआप जवळच्या अर्धस्वरावर ओढणारी प्लगइने लोकगीतांवर जपून वापरावी लागतात, कारण अशी दुरुस्ती चुकीबरोबर शैलीही पुसते.

### परवाना आणि खर्च

व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या किमती एकरकमी परवान्यापासून मासिक वर्गणीपर्यंत विविध प्रकारच्या आहेत. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने तपासून पाहता येते आणि त्याचा वैयक्तिक व लहान उत्पन्नासाठीचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. एफएल स्टुडिओच्या परवान्यात पुढील आवृत्त्या विनामूल्य मिळतात. पण त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेला प्रकल्प परवाना घेतल्याशिवाय पुन्हा पूर्णपणे उघडता येत नाही. वेव्हफॉर्म फ्री, गराजबँड व ब्राउझरवर चालणारे बँडलॅब ही विनामूल्य आहेत. आर्डर हे मुक्त स्रोतातील सॉफ्टवेअर असून त्याच्या तयार आवृत्तीसाठी अल्प रक्कम आकारली जाते.

परवाना मोडून मिळवलेल्या प्रतींचा प्रश्न घरगुती स्टुडिओंत वारंवार उद्भवतो. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मधील कलम ६३ब नुसार संगणकीय सॉफ्टवेअरची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. त्यासाठी किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी किंवा व्यवसायात नसल्यास न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. कायद्याखेरीज व्यावहारिक धोकाही आहे. अशा प्रतींना अद्ययावत करता येत नाही, त्यांतून हानिकारक सॉफ्टवेअर शिरू शकते आणि संगणक बदलल्यावर जुने प्रकल्प उघडतीलच याची शाश्वती नसते.

### फाइलींचे आयुष्य

सीक्वेन्सर प्रत्येक गाण्याची मांडणी प्रकल्प-फाइलमध्ये साठवतो. ही फाइल सामान्यतः त्या एका सॉफ्टवेअरपुरतीच उपयोगी असते. सॉफ्टवेअर बंद पडल्यास मांडणी अडकून राहते. गेल्या काही दशकांत असे अनेकदा घडले आहे:

* गिब्सन कंपनीने १९९८ मध्ये ओपकोड विकत घेतली. त्यानंतर लवकरच स्टुडिओ व्हिजनचा विकास थांबला.
* ॲपलने २००२ मध्ये इमॅजिक ही कंपनी घेतल्यावर लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली.
* नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये बँडलॅबने ते सॉफ्टवेअर घेऊन विनामूल्य उपलब्ध केले. म्हणून त्याच्या वापरकर्त्यांचे प्रकल्प वाचले.

या दृष्टीने प्रकल्प-फाइलचे स्वरूप महत्त्वाचे आहे. रीपरची प्रकल्प-फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात असते आणि आर्डरची एक्सएमएल स्वरूपात. त्यामुळे मूळ सॉफ्टवेअर नसतानाही त्यांतील नोंदी वाचता येतात. २०२३ मध्ये बिटविग व प्रीसोनस या कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट हे प्रकल्पांच्या देवाणघेवाणीचे खुले स्वरूप प्रसिद्ध केले. सर्वच सॉफ्टवेअरांनी ते स्वीकारलेले नाही.

## प्रमुख सॉफ्टवेअरांची तुलना

* रीपर – विंडोज, मॅक, लिनक्स. हलके, प्रत्यक्ष गायन-वादन मुद्रणास अनुकूल. सोबत आभासी वाद्यांचा साठा अत्यल्प असल्याने ती वेगळी मिळवावी लागतात.
* क्यूबेस – विंडोज, मॅक. मिडी संपादन व स्वरलिपीच्या सोयी विपुल. आवृत्तीनुसार ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा.
* एफएल स्टुडिओ – विंडोज, मॅक. ठेका व सुरावट रचण्यास जलद. गायन मुद्रणासाठी वरची आवृत्ती आवश्यक.
* एबल्टन लाइव्ह – विंडोज, मॅक. मंचावर प्रत्यक्ष वादनासाठी व लूपवर आधारित रचनेसाठी प्रसिद्ध.
* लॉजिक प्रो – केवळ ॲपल. एका किमतीत वाद्यांचा मोठा साठा.
* गराजबँड – केवळ ॲपल. विनामूल्य, नवशिक्यांसाठी सोपे. याचे प्रकल्प पुढे लॉजिकमध्ये उघडता येतात.
* प्रो टूल्स – विंडोज, मॅक. व्यावसायिक स्टुडिओंत रूढ. विनामूल्य आवृत्तीत ट्रॅकची मर्यादा.
* आर्डर – लिनक्स, मॅक, विंडोज. मुक्त स्रोत; अनेक ट्रॅकच्या मुद्रणास उपयुक्त.
* वेव्हफॉर्म फ्री – तिन्ही कार्यप्रणालींवर. विनामूल्य असूनही ट्रॅकच्या संख्येवर मर्यादा नाही.
* बँडलॅब – ब्राउझर व मोबाइल. दूरच्या सहकाऱ्याबरोबर कामास सोयीचे, इंटरनेटवर अवलंबून.

## खोली, वीज आणि परिसर

सॉफ्टवेअर मुद्रणानंतरच्या दोषांवर काही प्रमाणात उपाय करू शकते, पण खोलीतील गोंगाट गायनात मिसळल्यावर तो निखळपणे वेगळा करता येत नाही. नरडाणा हे शिंदखेडा तालुक्यातील गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून मुंबई–आग्रा महामार्गही येथून जातो. परिसरात औद्योगिक वसाहत आहे. रेल्वे व अवजड वाहनांचा आवाज मंद्र असल्याने तो भिंती व पत्र्याच्या छपरातून सहज आत येतो. गोधड्या, गाद्या व जाड पडदे यांनी खोलीतील प्रतिध्वनी कमी होतो. बाहेरचा मंद्र आवाज मात्र त्यांनी अडत नाही. त्यासाठी रस्त्यापासून दूरची आतली खोली निवडणे आणि पहाटे किंवा उशिरा रात्री मुद्रण करणे हाच कमी खर्चाचा उपाय ठरतो.

अशा जागी संवेदनशील कंडेन्सर मायक्रोफोनपेक्षा गायकाच्या तोंडाजवळ ठेवलेला, समोरचाच आवाज प्रामुख्याने घेणारा डायनॅमिक मायक्रोफोन अनेकदा सरस ठरतो. कंडेन्सर मायक्रोफोनला ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठाही लागतो. खानदेशातील उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून गाणे कष्टाचे असते. त्यामुळे छोट्या सत्रांत मुद्रण करून मध्ये विश्रांती घेण्याची पद्धत सोयीची पडते. अवेळी वीज जाण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी लॅपटॉप किंवा यूपीएस आणि सॉफ्टवेअरमधील दर काही मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय या दोन्ही गोष्टी आवश्यक असतात.

## जतन आणि हक्क

प्रकल्प-फाइलवर विसंबून न राहता काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक शून्य मिनिटापासून सुरू होणाऱ्या स्वतंत्र वेव्ह फाइलच्या रूपात बाहेर काढला जातो. या फाइलींना स्टेम म्हणतात. सर्व फाइलींचा आरंभ एकच असल्याने त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की गाणे जुळून येते. मिडीचे ट्रॅक प्रमाणित मिडी फाइलच्या रूपात वेगळे ठेवता येतात. प्रक्रिया न केलेले मूळ गायन, अंतिम मिश्रण आणि एक साधी मजकूर फाइल सोबत ठेवणे उपयुक्त असते. मजकुरात गायकाचे नाव, गाव, दिनांक, गाण्याचा प्रसंग, गाण्याचे शब्द व गायकाने दिलेली संमती यांची नोंद असावी. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची शिफारस केली जाते. केवळ यूट्यूबवर असलेले गाणे जतन झाले असे म्हणता येत नाही, कारण तेथील आवाज संकोचित स्वरूपात असतो आणि खाते बंद झाल्यास तोही नाहीसा होतो.

भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार गीत व चाल यांच्या प्रताधिकारापासून वेगळा असून तो प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. गायक-वादकांचे प्रयोगकर्ता म्हणून असलेले हक्क ५० वर्षांचे असतात. त्यामुळे पारंपरिक गाणे कोणाच्याही मालकीचे नसले, तरी एखाद्या आजीने गायलेल्या त्या गाण्याच्या मुद्रणात तिचा हक्क असतो. सॉफ्टवेअरसोबत येणारे तयार लूप वापरताना त्यांच्या परवान्यात व्यावसायिक वापराची मुभा आहे का, हेही पाहावे लागते. एकच लूप अनेकांनी वापरल्यास आपोआप ओळख पटवणाऱ्या यंत्रणा दुसऱ्याच्या गाण्यावर चुकीचा दावा नोंदवू शकतात.

## मर्यादा

कोणतेही एक सॉफ्टवेअर सर्व कामांना सर्वोत्तम ठरत नाही आणि तयार गाणे ऐकून ते कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बनले हे सामान्यतः सांगता येत नाही. एकाच स्वरूपाच्या मुद्रणासाठी बहुतेक सॉफ्टवेअरांचा ध्वनीचा दर्जा सारखाच असतो. फरक पडतो तो कामाच्या वेगात, लयीच्या हाताळणीत आणि पुढे उरणाऱ्या फाइलींत. ओळखीतील वादक किंवा ध्वनिमुद्रक जे सॉफ्टवेअर वापरतात तेच निवडल्यास अडचणीच्या वेळी मदत मिळते व प्रकल्पांची देवाणघेवाण सोपी होते. लहान गावांत हा निकष अनेकदा किमतीहून निर्णायक ठरतो.

## हेही पाहा

* अहिराणी बोली
* बहिणाबाई चौधरी
* कानबाई
* मिडी
* ध्वनिमुद्रण
* मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
* नरडाणा